चेंडू बाळूचा, कप्तानी कुणाची?

सोलापूरचा पार्क चौक ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की तिथे बाबासाहेबांचा पुतळा आणि क्रिकेटचे मैदान हाकेच्या अंतरावर आहेत. चौदा एप्रिलच्या आगेमागे आपल्या वस्त्यांमधली पोरे टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवतात. वर्गणी गोळा होते, फ्लेक्स लागतात, रात्री दिवे लावून सामने चालतात. चषकाला कधी भीमरायांचे नाव, कधी रमाईचे, कधी संविधानाचे. हे सगळे चांगलेच आहे. परंतु पालवणकर बाळू हे नाव आजवर आमच्या पाहण्यात एकाही चषकावर आलेले नाही. पोरांना विचारले तर दहापैकी नऊ जण 'कोण हो वकीलसाहेब?' असे उलट विचारतात. उरलेला एक जण म्हणतो, 'तोच ना, जो बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला होता?'

या दोन्ही उत्तरांनी आम्ही अस्वस्थ होतो. आम्ही बाळूचे आणि त्याहून थोडे अधिक त्याचा भाऊ विठ्ठल याचे चाहते आहोत, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे लिहितो आहोत ते निःपक्षपाती आहे अशी कुणाची समजूत व्हायला नको.

बाळूचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे चांभाराचे, मूळ गाव कोकणातले पालवण. वडील लष्करात नोकरीला होते, म्हणून मुलांचे बालपण पुण्यात गेले. पुण्यातल्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात पोरगा महिना चार रुपये पगारावर लागला. काम काय? खेळपट्टी झाडणे, लाटणे, जाळी बांधणे आणि साहेबाला सरावासाठी चेंडू टाकणे. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज. आपल्याला बाद केले की तो बाळूला आठ आणे देई, असे सांगतात. ग्रेगसारख्या फलंदाजाला तासन्तास चेंडू टाकून टाकून बाळूचा डावखुरा फिरकीचा हात तयार झाला. प्रशिक्षक असा त्याला कुणी लाभलाच नाही. आणि एक गोष्ट विसरू नका : त्या जाळीत बाळूला बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी हे साहेबाचे काम, चेंडू आणून देणे आणि टाकणे हे नोकराचे. आजही काही जण 'बाळू चांगला होता, पण फलंदाजी नव्हती' असे म्हणतात, तेव्हा आम्हाला हसू येते. ज्याच्या हाताला बॅट लागूच दिली नाही त्याच्या धावा मोजायच्या?

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने त्याला घेतले. का घेतले? गोऱ्यांना हरवायचे होते म्हणून. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडूंना चालत होता. तोच चेंडू ते झेलत, पुसत, पुन्हा त्याच्याकडे टाकत. चहाची वेळ झाली की मात्र इतरांना पॅव्हेलियनमध्ये कपबशी आणि बाळूला बाहेर मातीचे भांडे. जेवणही वेगळे. चेंडूला विटाळ नाही, कपाला विटाळ! मनुस्मृतीत क्रिकेटवरचा अध्याय नव्हता, तो आमच्या पुण्यातल्या लोकांनी लिहिला.

पुढे प्लेगच्या काळात बाळू मुंबईला गेला, रेल्वेत नोकरीला लागला, आणि १९०६ साली हिंदूंच्या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी धूळ चारली तेव्हा त्या विजयात बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला सर्व धर्मांचा संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला. महाराजांचे लक्ष खेळापेक्षा मेजवान्यांकडे जास्त होते आणि बहुतेक सामन्यांना ते हजरही नव्हते. पस्तिशीला आलेल्या बाळूने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. सबंध कारकिर्दीत पहिल्या दर्जाचे ३३ सामने आणि १७९ बळी, एका बळीमागे अवघ्या पंधरा धावा. दौऱ्याहून परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य बांधवांनी त्याचा सत्कार केला, आणि त्या सत्काराशी तेव्हा कॉलेजात शिकत असलेल्या भीमरावांचे नाव जोडले जाते. बाबासाहेबांच्या पिढीतल्या शिकणाऱ्या पोरांना बाळू म्हणजे काय वाटत असेल याची कल्पना करा. अस्पृश्य माणूस साहेबाच्या देशात जाऊन साहेबाच्या दांड्या उडवून आला होता.

तरीही कप्तानी नाही. १९१० ते १९२० या दहा वर्षांत हिंदूंच्या संघात बाळूच्या तोडीचा गोलंदाज नव्हता, त्याच्याइतका अनुभव कुणाकडे नव्हता. दरवर्षी नाव निघे आणि दरवर्षी दुसराच कप्तान होई. १९२० साली तर कळस झाला. चौरंगी सामन्यांसाठी बाळूलाच वगळले, नेमलेले कप्तान पै आजारी पडले आणि विठ्ठल हाताशी असताना देवधरांच्या गळ्यात माळ घातली. प्रा. दि. ब. देवधर मोठे फलंदाज होते, यात शंका नाही. पण विठ्ठल त्यांच्याहून ज्येष्ठ होता. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले. ही घटना आम्हाला बाळूच्या ११४ बळींपेक्षा मोठी वाटते. १९२० साली, महाडच्या सत्याग्रहाच्या सात वर्षे आधी, दोन चांभार भावांनी हिंदू क्लबाला सांगितले की मानाने बोलवा, नाहीतर तुमचे तुम्ही खेळा. लोकांत चर्चा झाली आणि क्लबाला नमते घ्यावे लागले. अंतिम सामन्यात बाळू परत आला, तोही उपकप्तान म्हणून.

आणि १९२३ साली विठ्ठल कप्तान झाला. हिंदूंनी युरोपियनांना हरवले आणि ज्या लोकांनी त्याच्या भावाला मातीच्या भांड्यात चहा दिला होता त्यांच्याच जातभाईंनी विठ्ठलला खांद्यावर घेतले. क्रिकेटने जात मोडली असे म्हणणाऱ्यांना हे खांद्यावरचे दृश्य फार आवडते. आम्हीही ते मनात पुष्कळदा पाहिले आहे. पण आम्हाला त्याआधीची तेरा वर्षेही दिसतात. शिवाय विठ्ठलला कप्तानी मिळाली ती क्लबाच्या औदार्याने की तीन वर्षांपूर्वीच्या बहिष्काराने, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

इथे 'लगान'विषयी चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. २००१ साली आलेल्या त्या चित्रपटातला कचरा हा अस्पृश्य फिरकी गोलंदाज बाळूवरून सुचला, असे बरेच जण म्हणतात. तसे असेल तर तुलना करून बघा. कचऱ्याचा हात जन्मतः अधू आहे, म्हणून चेंडू आपोआप वळतो. त्याला संघात घेणारा सवर्ण नायक आहे, आणि तो स्वतः भेदरलेला, न बोलणारा. बाळूचा चेंडू आपोआप वळत नव्हता. त्यामागे वर्षानुवर्षांचा घाम होता. आणि त्याचे भाऊ बोलत होते, संघ सोडून दाखवत होते. अस्पृश्याकडे गुणवत्ता आली तर ती व्यंगातून आली, कष्टातून नाही, असे दाखवणे लेखकांना इतके सोपे का जाते? नाव तरी काय ठेवले, कचरा! त्यापेक्षा आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी २०२२ च्या 'झुंड'मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतली फुटबॉल खेळणारी पोरे दाखवली, ती शिव्या देतात, भांडतात, जयंतीला नाचतात, आणि कुणाच्या उपकारासाठी हात जोडून उभी राहत नाहीत. त्यातही प्रशिक्षकाच्या भूमिकेसाठी अमिताभ बच्चनच लागले, ही आमची तक्रार आहे. पण ती बाजाराची तक्रार आहे, मंजुळेंची नव्हे.

आता त्या दुसऱ्या उत्तराकडे येऊ. होय, बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर तो एम. सी. राजांसारख्यांबरोबर गांधींच्या बाजूला गेला. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांसमोर त्यालाच उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूला ११,२२५. अंतर फार नव्हते. काँग्रेसला बाळूची विधिमंडळातली बुद्धी हवी होती असे आम्हाला वाटत नाही. त्यांना त्याचे नाव हवे होते आणि त्याची जात हवी होती. महारांचा पुढारी आंबेडकर, तर चांभारांचा बाळू, असे वाटप करायचे होते. १९०० च्या आसपास हिंदू क्लबाने त्याला गोऱ्यांविरुद्ध वापरले, १९३७ साली काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध. दोन्ही वेळी चेंडू बाळूने टाकायचा आणि क्षेत्ररक्षण दुसऱ्याने लावायचे.

बाळू चुकला. राजकारणात तो साफ चुकला, हे आम्ही चाहते असूनही लिहितो. पण १९५५ साली तो वारला तोपर्यंत आणि त्यानंतरही त्याला ना काँग्रेसने आपले म्हटले ना आपण. काँग्रेसचे काम संपले होते. आपल्या मनात १९३७ चा राग होता. आणि या रागाची किंमत कुणी मोजली? आमच्या सोलापुरात बसून हे लिहिताना आम्हाला आकडेमोड करावी लागत नाही. २००९ पासून आमचा लोकसभा मतदारसंघ राखीव आहे. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत बौद्ध किती, चर्मकार किती, मातंग किती, ढोर किती याच्या चिठ्ठ्या खिशात घेऊन सगळ्या पक्षांची माणसे फिरतात. २०१९ साली बाळासाहेब आंबेडकर स्वतः इथे उभे होते आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले. १९३७ साली टाकलेला चेंडू अजून वळतोच आहे. बाळू आणि विठ्ठल यांना आपण चांभार समाजाच्या हवाली करून मोकळे झालो, तर चांभार समाजाच्या पोरांनी बाबासाहेबांना आपले का म्हणावे?

खेळातली ही रीत फक्त आपल्याकडचीच आहे असेही नाही. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे, अंडाकृती चेंडूचा, क्रिकेटच्या मैदानावर खेळला जाणारा. तिथल्या मूळ रहिवाशांनी त्यात मोठे नाव काढले आहे. १७ एप्रिल १९९३ रोजी मेलबर्नमध्ये कॉलिंगवूड संघाच्या प्रेक्षकांनी निकी विनमार या आदिवासी खेळाडूला सामनाभर शिव्या घातल्या. सामना जिंकल्यावर त्याने सदरा वर केला आणि आपल्या काळ्या पोटाकडे बोट दाखवले. ते छायाचित्र तिथे आज घराघरात माहीत आहे. १९९५ साली मायकेल लाँग याने मैदानावरच्या वांशिक शिवीची तक्रार लावून धरली आणि त्या खेळाच्या मंडळाला वांशिक शिवीगाळीविरुद्ध स्वतंत्र नियम करावा लागला. म्हणून सगळे सुधारले का? अ‍ॅडम गुड्स हा दोनदा सर्वोत्तम खेळाडूचे पदक मिळवलेला माणूस. २०१३ साली प्रेक्षकांतून आलेल्या 'माकड' या अर्थाच्या शिवीकडे त्याने बोट दाखवले आणि २०१५ साली मैदानोमैदानी लोक त्याच्या नावाने हुर्यो करू लागले. विचारले तर म्हणत, आम्ही त्याच्या रंगावर नाही, त्याच्या खेळण्याच्या पद्धतीवर ओरडतो. आपल्याकडे 'आम्ही जात मानत नाही, मेरिट मानतो' म्हणतात ना, तीच भाषा. तो त्याच वर्षी खेळ सोडून गेला. मंडळाने माफी मागितली ती २०१९ साली.

तिथेही खेळाडू पुष्कळ आणि प्रशिक्षक नगण्य. ग्रॅहम फार्मर हा तिथला थोर आदिवासी खेळाडू १९७३ ते १९७५ या काळात जिलाँग संघाचा प्रशिक्षक होता. त्या स्पर्धेतला तो पहिला आदिवासी प्रशिक्षक. त्यानंतर अशी नावे मोजायला एका हाताची बोटेही जास्त होतात. गंमत म्हणजे या फार्मरला सगळे 'पॉली' म्हणत, आणि आमच्या सोलापुरात १९२६ साली जन्मलेला पॉली उम्रीगर भारताचा कप्तान झाला. दोन पॉली, दोघेही थोर. उम्रीगर पारशी होता. त्याच्या कप्तानीला जातीचा अडसर आला नाही, आणि ते योग्यच झाले.

वकील म्हणून आम्हाला यात एक गोष्ट खटकते. शिवीला कायदा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, आणि लोकांच्या देखत जातीवरून अपमान केला तर कलम ३ लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारताच्या मुली हरल्या तेव्हा हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडून जातीवाचक शिव्या देण्यात आल्या. चार दिवसांपूर्वी याच मुलीने ऑलिंपिकमध्ये तीन गोल केले होते. तिथे गुन्हा दाखल झाला, अटक झाली. पण निवड समितीच्या बंद खोलीचे काय? तिथे जातीचे नाव कुणी उच्चारतच नाही. बाळूला कप्तानी नाकारणाऱ्यांनीही कागदावर जात लिहिली नसेल. न उच्चारलेल्या शब्दावर फिर्याद कशी दाखल करायची? आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या भेदभावविरोधी नियमांत 'डिसेंट' म्हणजे कूळपरंपरा हा शब्द आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००२ साली या शब्दात जातही येते असे सांगितले. त्याच्या आदल्याच वर्षी डर्बनच्या परिषदेत आपले कार्यकर्ते हेच ओरडून सांगत होते आणि आपले सरकार विरोध करत होते. शब्द हाताशी आहे. तो वापरणारा खेळाडू अजून पुढे यायचा आहे. आणि असा खेळाडू पुढे आला तर त्याच्या मागे उभी राहणारी संघटना आपल्याकडे आहे काय?

तोवर आमच्या हातात जे आहे ते करू. आमच्या ओळखीच्या एका मंडळाच्या पोरांपुढे आम्ही प्रस्ताव ठेवला आहे : सर्वोत्तम गोलंदाजाला पालवणकर बाळू यांच्या नावाचे बक्षीस आणि विजयी कप्तानाला विठ्ठल यांच्या नावाचे. दोघांनी तयारी दाखवली. एकाने १९३७ काढले. त्याला आम्ही म्हटले, बाबा, बक्षीस गोलंदाजाचे आहे, उमेदवाराचे नाही. आणि शेजारच्या गल्लीतल्या चांभार समाजाच्या मंडळाला बोलाव, संघ मिसळून पाडा, कप्तान चिठ्ठी टाकून ठरवा. तो म्हणाला, चिठ्ठीत त्यांचा निघाला तर? यावर बैठकीत अजून चर्चा चालू आहे. पुढची बैठक रविवारी संध्याकाळी आहे आणि आम्ही जाणार आहोत.