त्वचेचे सौंदर्य आणि 'क' जीवनसत्त्व

तुळशीच्या लग्नात आपण वृंदावनात आवळ्याची फांदी खोचतो. कन्नड विभागातील मित्रांकडेही त्या दिवशी नेल्लिकाईची फांदी लागतेच. जोयड्याच्या रानात हे फळ आपसूक मिळते. तरीही वर्गातील काही मित्रमैत्रिणी चेहऱ्यावर लिंबू चोळतात, नाहीतर 'क' जीवनसत्त्वाचे महागडे सीरम मागवतात. म्हणून माझा हा लेखनप्रपंच.

त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन शरीरात तयार होण्यास हे जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्याने पूर्वी खलाशांना स्कर्व्ही होई; हिरड्यांतून रक्त येई, भरलेल्या जखमा उकलत. १७४७ मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरने संत्री-लिंबे खायला देऊन आजारी खलाशी बरे केले. बकरीचे शरीर हे जीवनसत्त्व स्वतः बनवते, माणसाचे नाही! प्रौढ पुरुषाला रोज ८० व स्त्रीला ६५ मिलिग्रॅम पुरे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद २०२० मध्ये सांगते. मूठभर रानआवळ्यांत ते भागते.

सीरम अगदीच खोटे नव्हे. काळे डाग फिकट होण्यास त्याची थोडीफार मदत होते. पण हवा व उजेड लागला की त्यातील जीवनसत्त्व नासते, द्रव तपकिरी होतो. आम्हां वाणिज्यवाल्यांच्या भाषेत, बाटली उघडली की घसारा सुरू.

लिंबू मात्र चेहऱ्यावर नकोच. त्याचा रस तीव्र आम्ल आहे; शिवाय त्यातील, विशेषतः सालीतील, काही द्रव्ये अंगावर असताना ऊन लागले तर त्वचा भाजून काळे चट्टे पडतात. सरबत करतानाही हाताला रस लागला, तर उन्हात जाण्याआधी साबणाने धुवावा.