लांब पल्ल्याच्या इंजिनाचा जोडदांडा

पायानें चालणारें शिवणाचें यंत्र आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. पायटी वरखालीं हालते आणि चाक गरगर फिरतें. ही किमया पायटी व चाक यांना जोडणाऱ्या एका साध्या दांड्याची. मोटारीच्या इंजिनांत पिस्टन आणि क्रँक यांच्यामध्यें हेंच काम करणाऱ्या दांड्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात. आज त्याची निवड कशी करावी, हें सांगण्याचा विचार आहे.

निमित्त असें घडलें. चामोर्शीस राहणारे माझे एक स्नेही आपल्या जुन्या पेट्रोल-जीपचें इंजिन नव्यानें बांधून घेत आहेत. गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असें करीत सिरोंच्यास जाणारा रस्ता सुमारे 200 किलोमीटरांचा. त्यांतील बराच भाग सागवानाच्या दाट रानांतून जातो. अशा ठिकाणीं हा दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला, तर वाहन तर गेलेंच, पण घरच्या माणसांसह रात्र रानांत काढण्याची पाळी येते. म्हणून त्यांनीं विचारलें, “सर्वांत बळकट रॉड कोणता?” मीं म्हटलें, “सर्वांत बळकट कोणता हें विचारूं नका. सर्वांत अधिक टिकेल कोणता हें विचारा.”

या दोन प्रश्नांत मोठें अंतर आहे. इंधनाचा भडका होतो तेव्हां दांडा दाबला जातो, हें सर्वांच्या ध्यानांत येतें. परंतु धूर बाहेर टाकून पिस्टन वर पोंचतो आणि एका क्षणांत त्याला परत खालीं ओढावें लागतें, तेव्हांचा ताण अधिक घातक असतो. पिस्टन व त्याची पिन मिळून अर्धा किलो, धांव 80 मिलिमीटर आणि वेग मिनिटास 6000 फेरे असा हिशेब धरला, तर हा ताण सुमारे 1000 किलो वजनाइतका भरतो. वेग 3000 फेऱ्यांवर आणला कीं तो चौथाईवर येतो. वेग दुप्पट म्हणजे ताण चौपट, हा नियम विसरूं नये.

आणि हे हिसके किती वेळां? लाख किलोमीटरांच्या प्रवासांत इंजिनाचे वीस कोटींच्या आसपास फेरे होतात. तार एकदां वाकविल्यानें तुटत नाहीं, पुन्हां पुन्हां वाकविल्यानें तुटते. धातूलाहि असाच शीण येतो. पोलादाचा गुण असा कीं, ताण ठराविक मर्यादेच्या आंत राहिला, तर तें जवळजवळ अखंड टिकतें. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाहीं. त्याचे हलके दांडे थोड्या अंतराच्या शर्यतींत शोभतात, लांबच्या प्रवासांत नाहीं. टायटॅनियम हलकें व बळकट खरें, पण त्याची किंमत सामान्य गृहस्थास परवडणारी नाहीं.

म्हणून निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनम यांच्या मिश्रणाचें घडीव पोलाद निवडावें. बाजारांत तें 4340 या अंकानें ओळखलें जातें. ईएन 24 हें त्याचेंच जवळचें भावंड. घडाईंत धातूचे तंतु दांड्याच्या लांबीप्रमाणें वळतात. सागाची फळी तंतूंच्या दिशेनें बळकट असते, तसेंच हें आहे. मोटारींचे असे घडीव भाग करण्याची विद्या आपल्याकडे रुजलेली आहे. पुण्याची भारत फोर्ज ही कंपनी 1961 सालीं याच धंद्यांत उतरली. दांड्याचा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा असावा कीं ‘एच’सारखा, यावर कारागीर तासन्‌तास वाद घालतात. घडाई व घाट उत्तम असतील, तर दोन्ही चालतात. मात्र जाड तितका चांगला असें समजूं नये. जड दांड्याचा भार क्रँकला व बेअरिंगला सोसावा लागतो.

खरा घात पुष्कळदां दांडा करीत नाहीं, त्याचे बोल्ट करतात. ते पुरेसे ताणून बसविले, म्हणजे जोड उघडत नाहीं व हिसक्याचा थोडाच अंश त्यांच्यापर्यंत पोंचतो. सैल राहिले, तर प्रत्येक हिसका त्यांच्यावर येतो. म्हणून बोल्ट नवेच घ्यावेत आणि ते अंदाजानें न आवळतां मापानें आवळावेत. सर्व दांड्यांचीं वजनें एकदोन ग्रॅमच्या आंत जुळवून घ्यावींत. बेअरिंगमध्यें तेलासाठीं योग्य फट ठेवावी. 50 मिलिमीटर व्यासाला सुमारे 0.05 मिलिमीटर हा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तेल तुटलें, कीं उत्तमांतील उत्तम दांडाहि कांहीं मिनिटांत निकामी होतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. इंजिनाचा वेग व जोर वाढवावयाचा नसेल आणि मूळचे घडीव दांडे चुंबकीय चांचणींत निर्दोष ठरले, तर नवे बोल्ट घालून तेच ठेवणें शहाणपणाचें. माझ्या स्नेह्यांस थोडा अधिक जोर हवा होता; म्हणून त्यांनीं घडीव पोलादाचे मध्यम वजनाचे दांडे पसंत केले आणि उरलेला पैसा बोल्ट, बेअरिंग व तेलाच्या नव्या पंपावर खर्च केला. सिरोंच्याच्या रस्त्यावर त्यांना या खर्चाचा पस्तावा होणार नाहीं, असें मला वाटतें.