कोळसा थांबला, तर शहराचे काय?

२०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबले आणि ट्रक-बार्जमालकांचे कर्जाचे हप्ते थकले. सरकारला कर्जसवलत योजना आणावी लागली. खाणीवर नेमके कोण अवलंबून होते, याची मोजदाद बंदीनंतर सुरू झाली. कोळशाच्या शहरांसाठी ती आधीच व्हावी, असा अभ्यासकांचा आग्रह आहे.

असुरक्षितता मोजताना तीन बाबी पाहतात : रोजगार व महसुलातील कोळशाचा वाटा, तो घटल्यास बसणारा धक्का आणि सावरण्याची क्षमता. पहिली बाब सोपी वाटते; पण हजेरीपटावर केवळ कायम कामगार सापडतो. कंत्राटी मजूर, गॅरेजवाला, खानावळ चालविणारी बाई त्यात नसतात, आणि धक्का बसतो तो प्रथम त्यांनाच.

खरी कसोटी तिसऱ्या बाबीची. चंद्रपूरलगत कोळसा खाणी आणि २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. जिल्ह्यात सिमेंटचे कारखानेही आहेत, म्हणजे पर्याय आहे, असे कागदावर दिसते. परंतु त्या भट्ट्यांनाही कोळसाच लागतो आणि सिमेंटमध्ये मिसळायची राख औष्णिक केंद्रांतूनच येते. उरते ताडोबाचे पर्यटन. त्याचे गाभा क्षेत्र पावसाळ्यात बंद असते.