मूलपेशी प्रत्यारोपणोत्तर शुश्रूषा

मूलपेशी प्रत्यारोपणोत्तर शुश्रूषा म्हणजे दात्याच्या रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशी स्वीकारलेल्या रुग्णाची घरच्या मंडळींनी घेतलेली काळजी होय. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया इत्यादी विकारांवर हे प्रत्यारोपण करतात. त्यानंतरचे पहिले १०० दिवस विशेष जोखमीचे मानले जातात. काही गुंतागुंती मात्र वर्षानुवर्षे टिकतात. या काळाचा मोठा भाग रुग्ण रुग्णालयाबाहेर काढत असल्याने गुंतागुंतीचे पहिले चिन्ह पुष्कळदा घरच्या माणसाच्याच नजरेस पडते.

इतिहास

अमेरिकन वैद्य ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये मानवी अस्थिमज्जा शिरेवाटे देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना १९९० चे नोबेल पारितोषिक जोसेफ मरे यांच्यासमवेत मिळाले. भारतात असे प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सुरेश अडवाणी यांनी केले.

गुंतागुंतीचे स्वरूप

प्रत्यारोपणापूर्वी तीव्र औषधांनी रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा निकामी केली जाते. नव्या पेशी रुजण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. पेशी रुजल्या तरी प्रतिकारशक्ती पूर्ववत होण्यास दीर्घ काळ जातो, म्हणून जंतुसंसर्गाचे भय कायम राहते.

दुसरी मोठी गुंतागुंत म्हणजे 'ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज' ऊर्फ जीव्हीएचडी. नेहमीच्या अवयवरोपणात शरीर परक्या अवयवास नाकारते. येथे उलट घडते. दात्याकडून आलेल्या प्रतिकारपेशी रुग्णाच्या शरीरालाच परके समजून त्यावर हल्ला करतात. तीव्र प्रकारात त्वचेवर पुरळ, जुलाब व कावीळ दिसते. दीर्घकालीन प्रकारात डोळे व तोंड कोरडे पडणे, त्वचा कडक होणे, सांधे आखडणे, धाप लागणे अशी लक्षणे असतात. मात्र हल्ला करणाऱ्या याच पेशी उरल्यासुरल्या कर्कपेशींचाही नाश करतात. त्यामुळे ही प्रतिक्रिया समूळ दडपणे नेहमीच हिताचे नसते.

सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, स्टिरॉइड व अलीकडे रुक्सोलिटिनिब ही औषधे हल्ला आवरण्यासाठी दिली जातात. त्यांनी प्रतिकारशक्ती आणखी क्षीण होऊन संसर्गाचा धोका वाढतो. उपचारांतील हा पेच ठाऊक असल्यास औषधांच्या मात्रेत वारंवार होणाऱ्या बदलांनी कुटुंब गोंधळून जात नाही.

शुश्रूषकाची कामे

तापमान, वजन, जुलाबांची संख्या व प्रमाण, पुरळाची व्याप्ती यांची रोज नोंद ठेवणे हे प्रमुख काम होय. आतड्यांवरील विकाराची तीव्रता ठरविताना जुलाबाचे मोजलेले प्रमाण डॉक्टरांना उपयोगी पडते. ३८ अंश सेल्सिअस (१००.४ अंश फॅरनहाइट) किंवा अधिक ताप ही तातडीची बाब समजतात. डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल दिल्यास ताप झाकला जाऊन संसर्गाचे निदान लांबू शकते.

सायक्लोस्पोरिन अथवा टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण तपासावयाचे असेल त्या सकाळची मात्रा रक्त दिल्यानंतर घेतात; आधी घेतल्यास आकडा फसवा येतो. ग्रेपफ्रूट व पपनस ही फळे या औषधांचे प्रमाण वाढवितात, म्हणून वर्ज्य असतात. कच्चे वा शिळे अन्न टाळले जाते. उन्हामुळे त्वचेवरील विकार चाळवू शकतो, म्हणून अंग झाकणारे कपडे वापरतात. पूर्वीच्या लसींचे संरक्षण बहुधा ओसरत असल्याने लसीकरण डॉक्टरांच्या सल्ल्याने नव्याने करावे लागते. अन्य रुग्णालयात रक्त चढविण्याची वेळ आल्यास ते किरणप्रक्रिया केलेले असावे, हे तेथील डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते.

मानसिक बाजू

स्टिरॉइडमुळे झोप उडते, चिडचिड होते, कधी मन खिन्न होते. हा औषधाचा परिणाम आहे हे न उमगल्यास रुग्णाचे कठोर शब्द जिवलगांच्या जिव्हारी लागतात. असे बदल डॉक्टरांना कळविणे हा शुश्रूषेचाच भाग आहे.

दाता बहुधा सख्खे भावंड असते. आपल्याच पेशींनी रुग्णास यातना होतात, या विचाराने दात्यास अपराधी वाटू शकते. जीव्हीएचडी ही पेशींच्या ओळखीतील भिन्नतेतून उद्भवते, त्यात दात्याचा दोष नसतो. हे त्याला स्पष्ट सांगावे लागते.

एकाच व्यक्तीवर सारा भार पडल्यास थकवा व निद्रानाश जडतो आणि औषधे देण्यात चुका होऊ शकतात. त्यामुळे पाळ्या ठरविणे आणि नोंदवही कोणालाही वाचता येईल अशी ठेवणे हितावह असते. सर्दी-तापाने आजारी असलेल्याने रुग्णापासून दूर राहावयाचे असल्याने पर्यायी शुश्रूषक आधीच ठरवून ठेवावा लागतो.

महाराष्ट्रातील स्थिती

टाटा स्मारक केंद्राची प्रत्यारोपणाची सुविधा नवी मुंबईत खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक या संस्थेत आहे. बाहेरगावच्या कुटुंबांना वारंवार तपासणीसाठी रुग्णालयाजवळ बिऱ्हाड करावे लागते. टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्था निवारा देतात. प्रत्यारोपित रुग्णासाठी जागा निवडताना मात्र स्वच्छता, शुद्ध पाणी व कमी गर्दी यांना प्राधान्य द्यावे लागते.

हे सुद्धा पहा

अस्थिमज्जा
रक्ताचा कर्करोग
थॅलेसेमिया