"समजलं का?" – "होऽऽ!"

गैरसमज : वर्ग एका सुरात 'हो' म्हणाला, की सगळ्यांना समजलं.

हा होकार बहुतेक वेळा पुढच्या चार-सहा मुलांचा असतो. बाकीची त्यांच्या सुरात सूर मिसळतात. खरं काय ते पाहायचं तर 42 वजा 17 हे गणित पाटीवर करायला सांगा आणि पाट्या वर धरायला लावा. काही पाट्यांवर हमखास 35 दिसेल. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून दोन वजा केले. याला आपण निष्काळजीपणा म्हणतो, पण तसं नाही. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हा नियम त्याने मनाशी पक्का केलेला असतो. "लक्ष कुठंय तुझं?" असं ओरडून तो मोडत नाही. त्याच्या हातात दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या, आणि सतरा काढायला सांगा. रबरबँड सोडून एक गठ्ठा मोकळा करावाच लागतो. दशक सुटा करणं म्हणजे काय, हे तिथे कळतं.

प्रश्न विचारल्यावर थोडं थांबायलाही हवं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970च्या दशकात दाखवलं, की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं सविस्तर येतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात.

गैरसमज : कुणी पाहून शिकतं, कुणी ऐकून, तसंच त्याला शिकवावं.

आवडीनिवडी असतात, पण त्या हेरून तसं शिकवल्याने शिकणं वाढतं याला भक्कम पुरावा नाही. 2008 साली मानसशास्त्रज्ञ पाश्लर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासून हेच सांगितलं. नकाशा सगळ्यांनीच पाहायचा असतो, कविता सगळ्यांनीच ऐकायची असते.

'चांगला शिक्षक जन्मावाच लागतो' हेही असंच ऐकीव. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं, ते आपल्या अहमदनगरमध्ये (आताचं अहिल्यानगर), मिशनरी मिस सिंथिया फरार यांच्याकडे. शिकवणं ही शिकायची विद्या आहे.

गैरसमज : धडा पुन्हा पुन्हा वाचला की पक्का होतो.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे. म्हणून तासाच्या सुरुवातीला मागच्या आठवड्यातले दोन-तीन प्रश्न पुस्तक मिटून विचारावेत. गुण लावू नयेत. मार्कांची धास्ती आली की मुलं शेजारच्या वहीत डोकावतात.

गैरसमज : मूल चौथीत आहे, म्हणजे त्याला चौथीचाच धडा शिकवायचा.

आपल्या नगर जिल्ह्यात हा समज सगळ्यांत जास्त नुकसान करतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीसाठी कोयता घेऊन फडावर जातात आणि साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परततात. हंगामी वसतिगृहामुळे काही मुलं गावातच राहतात. जी आईबापांबरोबर फडावरच्या कोपीवर (झोपडीत) जातात, त्यांची शाळा मधूनच तुटते. परत आलेल्या मुलाला जोडाक्षरं अडतात, आणि समोर चौथीचा धडा. अकोले तालुक्यातल्या डोंगराळ पाड्यांवरचं मूल घरच्या बोलीत सगळं सांगतं, पण पुस्तकातल्या मराठीपाशी थबकतं. त्याला आधी त्याच्या बोलीत बोलू द्यावं.

यावर उपाय आहे, आणि तो मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने वापरून दाखवला आहे. मुलाला अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट यांपैकी कुठवर वाचता येतं ते पाहायचं आणि दिवसाचा काही वेळ इयत्तेऐवजी त्या पातळीनुसार गट करून शिकवायचं. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम'च्याच 'बालसखी' या मागे पडलेल्या मुलांसाठीच्या उपक्रमाचं मोजमाप करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. त्या मुलांना त्याचा फायदा झाल्याचं दिसलं. 2019चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह मिळाला.

फक्त एक जपावं. शब्दांच्या गटात बसवणं ही शिक्षा नव्हे, हे मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना सांगावं लागतं; गट वाचनापुरता, वर्ग त्याचा चौथीचाच. आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा वाचून घेऊन गट बदलावेत, नाहीतर पोराला 'ढ' म्हणायला आणखी एक निमित्त मिळतं.