एका सेकंदाचे साठ तुकडे

३० सेंटिमीटरची एक पट्टी घ्या. मित्राला ती वरच्या टोकाला धरून उभी लोंबकळत ठेवायला सांगा. तुम्ही खाली शून्याच्या खुणेजवळ अंगठा व तर्जनी किंचित उघडी ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडली की ती पकडायची. ती साधारण २० सेंटिमीटर निसटते. पडलेले अंतर म्हणजे गुरुत्वत्वरणाची निमपट गुणिले काळाचा वर्ग, हे सूत्र तुम्हांला ठाऊकच आहे. त्यावरून काळ काढा. तो ०.२ सेकंद येईल. डोळ्यांनी पाहून बोटे हलेपर्यंत इतका वेळ जातोच.

हा आकडा हाताशी ठेवा.

जपानमधील कॅपकॉम कंपनीने १९९१ साली 'स्ट्रीट फायटर २' हा द्वंद्वाचा खेळ आणला. नाणे टाकून खेळायच्या यंत्रावर तो चाले. त्यात आपला एक योगीही होता, हातपाय रबरासारखे लांबवणारा धालसिम! (योगाभ्यासाचे हे फळ आमच्या व्यायामशिक्षकांनी कधी सांगितले नव्हते.) १९९२ साली दोन सुधारित आवृत्त्या निघाल्या. 'चॅम्पियन एडिशन'मध्ये निवडता येणारे योद्धे ८ चे १२ झाले आणि 'हायपर फायटिंग'मध्ये खेळाचा वेग वाढला. वेग वाढवण्याला एक कारण असेही घडले की, परस्पर फेरफार केलेली, अधिक वेगवान यंत्रे बाजारात आली होती व ती लोकांना आवडत होती.

हे खेळ घरी आणायचे म्हणजे मोठे सामान लहान पेटीत भरण्यासारखे होते. मूळ यंत्रात नुसत्या चित्रांसाठी ४८ मेगाबिट स्मृती होती. निन्टेन्डोच्या 'सुपर' या घरगुती यंत्रासाठी १९९२ मध्ये निघालेल्या कार्ट्रिजमध्ये चित्रे, संगीत व सूचना असे सर्व मिळून १६ मेगाबिट! मूळ चित्र ३८४ बिंदू रुंद व २२४ बिंदू उंच होते. घरी रुंदी २५६ बिंदूंवर आली, म्हणजे बिंदूंची संख्या दोन-तृतीयांश उरली. साहजिकच आकृत्या लहान झाल्या. १९९३ च्या 'टर्बो' आवृत्तीला २० मेगाबिट मिळाले, तर त्याच वर्षी सेगाच्या 'मेगा ड्राइव्ह'वरील आवृत्तीला २४. मात्र खेळाला ठोशांची तीन व लाथांची तीन अशी सहा बटणे लागत आणि सेगाच्या नियंत्रकावर मारण्याची बटणे तीनच होती. त्यामुळे सहा बटणांचा नवा नियंत्रक काढावा लागला.

चित्रातील ही काटछाट खेळणाऱ्यांनी चालवून घेतली. काळातील काटछाट मात्र चालत नाही, आणि माझ्या मते या खेळाचे मर्म तेथेच आहे.

हे यंत्र सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवते. दर चित्रामागे ते हिशेबाची एक पायरी चढते: कोण कोठे आहे, कोणते बटण दाबले, मूठ लागली की नाही. समजा, एक लाथ १२ पायऱ्यांत प्रतिस्पर्ध्यापर्यंत पोहोचते. १२ भागिले ६० म्हणजे ०.२ सेकंद, तुमच्या पट्टीइतकाच वेळ! ती पाहून अडवणे जेमतेम शक्य आहे.

आता हा खेळ युरोपात न्या. अमेरिका व जपानमधील त्या काळच्या दूरचित्रवाणीवर सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवला जाई. युरोपात, तसेच आपल्याकडे, तो ५० वेळा रंगे. निन्टेन्डोवरील पहिली आवृत्ती युरोपात आली तेव्हा दर चित्रामागे एक पायरी हा नियम तसाच राहिला. तीच लाथ आता ०.२४ सेकंदांत पोहोचू लागली. खेळ मंदावला. शिवाय तेथे रेषा ५२५ ऐवजी ६२५ असल्याने चित्र चेपले गेले व वरखाली काळ्या पट्ट्या उरल्या.

वेगवान आवृत्तीत याच्या उलट अडचण होती. पडदा ६० वेळांहून अधिक रंगवता येत नाही, मग खेळ जलद कसा करायचा? युक्ती अशी की, मधूनमधून एका चित्राच्या वेळात हिशेबाच्या दोन पायऱ्या चढायच्या. त्यांतील एका पायरीचे चित्र काढलेच जात नाही. समजा, दर चौथ्या चित्राला असे केले, तर ४ चित्रांत ५ पायऱ्या होतात, म्हणजे सेकंदाला ७५. लाथ ०.१६ सेकंदांत येऊन थडकते. पट्टी निसटली! आता नुसते पाहून अडवता येणार नाही, प्रतिस्पर्ध्याच्या मनात काय आहे ते आधीच ओळखावे लागेल. आकृत्या त्याच, लाथ तीच, पण खेळ निराळा झाला.

घरच्या 'टर्बो'मध्ये वेगाच्या पायऱ्या खेळणाऱ्यालाच निवडता येत. तेव्हा एक उदाहरण तुमच्यासाठी: ५० चित्रांच्या संचावर मूळच्या ६० पायऱ्या हव्या असतील, तर दर कितव्या चित्राला एक जादा पायरी चढावी लागेल?