लॅबची पदवी: फी भरण्याआधी म्हसळ्यातल्या पालकांनी काय पाहावे?

बारावी सायन्सचा निकाल लागला की म्हसळा आणि आसपासच्या मोहल्ल्यांत पहिला प्रश्न नीटचा असतो. मार्क कमी पडले की लगेच दुसरा येतो, "मग लॅबचा कोर्स करू दे का?" या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणारे लोक मात्र नेहमी घाईत असतात. कुणी सांगतो सहा महिन्यांत होतो, कुणी म्हणतो तीन वर्षं लागतात, कुणी एजंटचा नंबरच हातात देतो. आपल्या भागात जवळपास प्रत्येक घरातलं कुणीतरी सौदी, कुवेत किंवा दुबईत असतं, त्यामुळे "तिकडे लॅबवाल्यांना मागणी आहे" एवढं ऐकूनच फी भरली जाते. मागणी आहे, हे खरं. पण ती कोणत्या कागदाला आहे, हे आधी समजून घ्यायला हवं.

आधी नावांचा गोंधळ. मेडिकल लॅबोरेटरी सायन्सची पदवी आपल्याकडे अनेक नावांनी मिळते: बी.एस्सी. एमएलटी, बीएमएलटी, बीएमएलएस. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, म्हणजे एमयूएचएसकडे, तिला बीपीएमटी म्हणतात आणि त्यात लॅबोरेटरी टेक्निशियन ही एक शाखा असते. डीएमएलटी हा डिप्लोमा, पदवी नव्हे. आणि पाटीवर "मेडिकल लॅब" लिहिलेले काही महिन्यांचे सर्टिफिकेट कोर्स हे तिसरंच प्रकरण. तिन्हीकडे मुलगा पांढरा कोट घालतो आणि रक्त काढायला शिकतो. म्हणून घरच्यांना फरक दिसत नाही.

नळीच्या झाकणाचा रंग

फरक कुठे आहे तो साध्या उदाहरणाने पाहू. रक्त घेताना टेक्निशियन वेगवेगळ्या रंगांच्या झाकणाच्या नळ्या वापरतो. जांभळ्या झाकणाची सीबीसीसाठी, राखाडी साखरेसाठी, निळी रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी, लाल किंवा पिवळी सीरमसाठी. रंग पाठ करायला दोन दिवस पुरतात. पदवीचा विद्यार्थी शिकतो ते त्यामागचं कारण. रक्त नळीत गेलं तरी पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. म्हणजे सकाळी २०० असलेली साखर चार तासांनी १५५ च्या आसपास दिसू शकते. राखाडी नळीतलं फ्लोराइड हे थांबवतं, पण त्याचाही पूर्ण असर व्हायला वेळ लागतो.

आता हेच आपल्या गावाला लावून बघा. इथे घेतलेला नमुना घोणसे घाट उतरून माणगावमार्गे पनवेल किंवा मुंबईच्या मोठ्या लॅबला जाणार असेल, तर तो कोणत्या नळीत आहे, वेळेत फिरवून सीरम वेगळं केलं का, बर्फावर ठेवलं का, यावर रिपोर्टचा आकडा ठरतो. डायबिटीसच्या पेशंटला "शुगर कंट्रोलमध्ये आहे" असं वाटेल आणि ती नसेल. मशीन कितीही महागडं असो, नळीत जे पोहोचलं तेच ते मोजणार.

आणखी एक. लाल नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्या नळीतलं थोडं तिच्यात ओतलं, तर पोटॅशियम भलतंच वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं, कारण जांभळ्या नळीतल्या ईडीटीएमध्ये पोटॅशियमचा क्षार असतो आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. सुई नीट न लागल्याने पेशी फुटल्या तरी पोटॅशियम वाढलेलं येतं. असा रिपोर्ट पाहून डॉक्टर पेशंटला हृदयाच्या धोक्यासाठी दाखल करू शकतो. आकडा पाहून "हा पेशंटचा नाही, नमुन्याचा दोष आहे, परत घ्या" असं म्हणणारा माणूस तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात. बायोकेमिस्ट्री, हिमॅटॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, पॅरासायटॉलॉजी, हिस्टोपॅथॉलॉजी, ब्लड बँक हे विषय त्याचसाठी असतात. कोकणात पावसाळ्यात ताप आला की मलेरिया, डेंग्यू की लेप्टो, हा प्रश्न घरोघरी असतो. त्याचं उत्तर लॅबमधूनच येतं, आणि मलेरियाची स्लाइड वाचणं ही आजही डोळ्याची आणि सरावाची गोष्ट आहे.

शिकायचं कुठे

एमयूएचएसची बीपीएमटी तीन वर्षांची आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. हा कोर्स सरकारी आणि महापालिकेच्या मेडिकल कॉलेजांत चालतो, मुंबईत जे.जे. आणि केईएमचं नाव सगळ्यांना माहीत आहे. फी कमी, पेशंट भरपूर, जागा मात्र मोजक्या. आमच्या मते पहिला अर्ज इथेच पडायला हवा. आपल्याच जिल्ह्यात कामोठ्याला एमजीएम अभिमत विद्यापीठात बी.एस्सी. एमएलटी आहे, नेरूळला डी. वाय. पाटील आहे. तिथे हॉस्पिटल संस्थेचंच असल्याने प्रॅक्टिकलची सोय असते, पण फी सरकारीपेक्षा कितीतरी जास्त. अलिबागचं सरकारी मेडिकल कॉलेज २०२१ मध्ये सुरू झालं. जिल्ह्याच्या ठिकाणी पॅरामेडिकलचे कोणते कोर्स येतात, याकडे आपण लक्ष ठेवायला हवं.

घरापासून लांब पाठवणं जमत नसेल तर दुसरा रस्ता आहे. महाड, मुरुडसारख्या ठिकाणी राहून केमिस्ट्री किंवा झूलॉजीत बी.एस्सी. करायची आणि मग मान्यताप्राप्त डीएमएलटी. हा रस्ता कमी प्रतीचा नाही. सरकारी लॅब टेक्निशियनच्या जाहिरातींत "विज्ञान पदवी आणि डीएमएलटी" अशी पात्रता वर्षानुवर्षे दिसते. जाहिरातीतली पात्रता आपल्या पदवीच्या नेमक्या नावाशी जुळते का, हे आधीच्या एक-दोन जाहिराती काढून बघावं.

प्रवेशाची पद्धत बदलत असते. त्यामुळे गेल्या वर्षी चुलत भावाने काय केलं यावर न जाता त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचावी.

कागद खरा आहे का

पालकांनी सर्वात जास्त वेळ इथे घालवावा. २०२१ मध्ये केंद्राने संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. मेडिकल लॅबोरेटरी आणि लाइफ सायन्सेस हा त्यातला एक गट आहे. या कायद्यात डिप्लोमा-पदवीच्या तासांचाही हिशेब आहे: वरच्या श्रेणीसाठी किमान ३,६०० तासांचं पदवी शिक्षण, तर सहायक श्रेणीसाठी किमान २,००० तास. एवढे तास रविवारच्या वर्गांत भरत नाहीत. राज्यात त्याआधीपासून २०११ चा पॅरामेडिकल कौन्सिलचा कायदा आहे. तेव्हा प्रवेशाआधी विचारायचा प्रश्न एकच, "या कोर्सवर कौन्सिलची नोंदणी मिळते का, आणि तसं लेखी देता का?"

परराज्यातल्या विद्यापीठाची पदवी, हजेरी नको, परीक्षेला फक्त या, असं कुणी सांगत असेल तर तिथूनच उठावं. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून या कायद्याखालचे आरोग्य अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली आहे. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल नसेल तर कोणत्या हॉस्पिटलशी करार आहे ते विचारावं, आणि शक्य झालं तर त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जाऊन "त्यांची मुलं इथे येतात का?" एवढं विचारून यावं. हा एक फेरा एसटीच्या तिकिटात होतो.

अजून एक गैरसमज. पदवी घेतली की गावात स्वतःची लॅब टाकून स्वतःच्या सहीने रिपोर्ट द्यायचे, असं बरेच जण धरून चालतात. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं की लॅब रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. लॅब चालवता येईल, पण पॅथॉलॉजिस्ट सोबत घेऊन. हा खर्च धरूनच हिशेब करावा.

आखातात काय विचारतात

तिकडे नोकरीआधी लायसन्स लागतं. दुबईत दुबई हेल्थ अथॉरिटी, सौदीत सौदी कमिशन फॉर हेल्थ स्पेशालिटीज. सहसा आधी डेटाफ्लोसारखी एजन्सी कागद तपासते. ती तुमच्याकडची झेरॉक्स बघत नाही, थेट विद्यापीठाला आणि जुन्या हॉस्पिटलला पत्र पाठवून विचारते. विद्यापीठाने उत्तर दिलं नाही किंवा "असा विद्यार्थी नियमित नव्हता" म्हटलं, की फाइल तिथेच थांबते. त्यानंतर प्रोमेट्रिक परीक्षा. पदवीवाल्याला टेक्नॉलॉजिस्ट आणि डिप्लोमावाल्याला टेक्निशियन अशी विभागणी बहुतेक ठिकाणी आहे, आणि पगारातला फरक तिथूनच सुरू होतो. शिवाय पास झाल्यावरचा हॉस्पिटलचा अनुभव मागतात. म्हणून निकाल लागला की लगेच पासपोर्टच्या मागे न लागता दोन वर्षं मुंबई-पनवेलच्या चांगल्या लॅबमध्ये काढणं फायद्याचं. पगार सुरुवातीला कमी असतो, हे घरात मोकळेपणाने सांगून ठेवावं.

मुलींबद्दल अब्बा लोकांच्या मनात शंका असतात, त्या आम्ही टाळणार नाही. रात्रपाळी असते, विशेषतः मोठ्या हॉस्पिटलांत. हिजाबने काम अडत नाही. फक्त स्कार्फची टोकं अॅप्रनच्या आत असावी लागतात, कारण बर्नर आणि सेंट्रिफ्यूज जवळ असतात. प्रॅक्टिकल सुरू होण्याआधी हिपॅटायटिस बीचे तीन डोस सुरू करावेत, ते पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. आणि आपल्याच मोहल्ल्यातल्या कितीतरी बायका रक्त द्यायला बाई टेक्निशियन आहे का, हे विचारतात. तेव्हा आपल्या मुली शिकल्या नाहीत तर ती बाई येणार कुठून?

पैशाचं थोडक्यात. महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची उच्च व व्यावसायिक शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ ३ टक्के व्याजाने शैक्षणिक कर्ज देतं. व्याज नको असणाऱ्या कुटुंबांनी आधी शिष्यवृत्ती आणि जमातीचा फंड पाहावा. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांनाच. अभिमत विद्यापीठात ही माफी लागू नाही. आपल्यातल्या बऱ्याच घरांनी ईडब्ल्यूएसचा दाखलाच काढलेला नसतो. तहसील कार्यालयात ही कामं निकालाआधी करावीत, निकालानंतर तिथे रांग असते.

जाता जाता नावाचं स्पेलिंग तपासा. दाखल्यावर मोहम्मद, आधारवर मुहम्मद, पासपोर्टवर नुसतं एमडी, आणि आडनाव एका कागदावर आहे तर दुसऱ्यावर नाही, असं आपल्याकडे सर्रास आढळतं. इथे कुणी अडवत नाही, पण डेटाफ्लोच्या तपासणीत ते वेगळे लोक ठरू शकतात. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत ही दुरुस्ती सोपी असते. नंतर राजपत्रात नाव छापून घ्यावं लागतं आणि प्रत्येक मार्कशीटसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरताना जन्मदाखला आणि आधार समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा.